नाबर सरांची अमेरिका

नाबर सरांना हरलेली माणसं आवडत. निवडणूक कुठलीही असो, निकालाच्या दुसऱ्या दिवशी ते जिंकलेल्याचा फोटो बाजूला सारून पडलेला उमेदवार काय म्हणाला ते शोधायचे. ते बहुतेक वेळा आतल्या पानावर, चार ओळींत असायचं. त्या चार ओळी कात्रीने कापून ते एका फाइलीत लावत. "जिंकलेला कोणीही बरा बोलतो," ते म्हणत, "हरलेला नीट बोलला की समजायचं, देश चालू आहे."

दादरच्या एका कॉलेजात ते आम्हाला राज्यशास्त्र शिकवायचे. राहायला गिरगावात, फणसवाडीत. उंच, किरकोळ, अर्ध्या बाहीचा पांढरा सदरा, आवाज इतका हळू की मागच्या बाकांवरची मुलं आपोआप पुढे सरकायची. विद्यार्थ्यांना ते 'तुम्ही' म्हणत. परळच्या चाळीतून आलेल्या मला सतराव्या वर्षी पहिल्यांदा कोणी 'तुम्ही' म्हटलं ते सरांनी, आणि मी मागे वळून पाहिलं होतं.

त्यांचा विषय अमेरिका. त्यातही तिथला परंपरावाद. त्या काळात कॉलेजातले निम्मे प्राध्यापक डावे आणि उरलेले कंटाळलेले. त्यांत हा एकटा माणूस उघडपणे म्हणायचा की बदल सावकाश व्हावा, जुनं मोडताना हात जरा थरथरला पाहिजे. "काढण्याआधी का लावलं ते विचारा," हे त्यांचं आवडतं वाक्य. स्टाफरूमच्या भिंतीत एक लोखंडी आकडा होता. रंगकाम निघालं तेव्हा नव्या प्राचार्यांनी तो कापायला सांगितला. सरांनी हरकत घेतली. आकडा कशाला आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं, सरांनाही नाही, पण दोन महिने त्यांनी तो कापू दिला नाही. शेवटी निवृत्त झालेला जुना शिपाई पेन्शनच्या कामाला आला तेव्हा त्याला विचारलं. तो म्हणाला, "तो होय? त्याला मी डबा अडकवायचो. खाली मुंग्या लागायच्या." स्टाफरूम हसत सुटली. सरही हसले, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग म्हणाले, "ठीक. कळलं. आता कापा."

मला सर आवडू लागले ते तेव्हापासून नाही. त्याच्या आधी एक भांडण झालं होतं.

दुसऱ्या वर्षाला ते शिकवत होते की समाज घरासारखा असतो, मागच्यांनी राहून पुढच्यांना द्यायचा, भिंती पाडत सुटायचं नाही, हळूहळू दुरुस्ती करायची. मी उभा राहिलो. घरात बुद्धाची तसबीर, बाप गिरणीत जॉबर, गिरणी बंद पडल्यावर वॉचमन. आमच्याकडे 'हळूहळू' या शब्दाला चांगला वास नव्हता.

"सर, हळूहळू म्हणजे किती वर्षं?"

ते फळ्यापासून वळले.

"माझ्या आज्याला गावात वरून पाणी ओतायचे," मी म्हटलं. "ओंजळीत. ते हळूहळू बंद व्हायची वाट बघितली असती तर मी या बाकावर नसतो."

सरांनी खडू ठेवला. "तुमचं नाव?"

"गमरे."

"गमरे, याला माझ्याकडे उत्तर नाही. पुढच्या बुधवारी प्रयत्न करतो."

बुधवारी ते दोन पानं लिहून घेऊन आले. वाचायला लागले. दुसऱ्या पानाच्या मध्यावर थांबले, कागदाची घडी घातली आणि म्हणाले, "नाही. हेही उत्तर नाही." आणि पुढचा धडा सुरू केला. त्या सहामाहीला पेपरात प्रश्न आला: 'हळूहळू' हा शब्द कोणाच्या सोयीचा असतो, चर्चा करा. मी नऊ पानं लिहिली. वीसपैकी अकरा मिळाले. खाली लाल शाईत शेरा होता, "राग योग्य. मांडणी घाईची."

पुढे मी त्याच कॉलेजात लागलो आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून चौदा वर्षं हाच वाद घातला. ते निवृत्त झाल्यावर तो रविवारी सकाळी फणसवाडीत सरकला. शालिनीकाकू होत्या तोवर चहा आणायच्या आणि म्हणायच्या, "यांचा एक पाय हंय आणि एक आयोवात. मधी मी."

आयोवा म्हणजे सरांची तरुणपणीची अमेरिका. शिष्यवृत्तीवर ते एक वर्ष तिथल्या छोट्या गावात राहिले होते, वॉल्टर नावाच्या माणसाकडे. वॉल्टरचं खिळे, बिजागऱ्या, रंगाचे डबे विकायचं दुकान. जन्मभर त्याने मत दिलं ते हत्ती चिन्हाच्या पक्षाला. (आमच्या बापाच्या पक्षाचं चिन्हही एके काळी हत्तीच होतं. "बघा गमरे, आपला प्राणी एकच," असं सर मला डिवचायला म्हणत.) वॉल्टरचा शेजारी दुसऱ्या पक्षाचा. दोघांच्या अंगणात निवडणुकीला वेगवेगळ्या पाट्या लागायच्या आणि पहाटे बर्फ पडला की वॉल्टर आपल्या दारापुढचा काढून झाल्यावर शेजाऱ्याच्याही दारापुढचा काढायचा. त्याचा उमेदवार पडला की दुसऱ्या दिवशी तो धुतलेला शर्ट घालून दुकान वेळेआधी उघडायचा, म्हणजे त्याला कोणी तोंड लपवताना पाहू नये. सरांच्या लेखी परंपरावाद म्हणजे हे. पुस्तकं त्यांनी शेकड्यांनी वाचली होती, पण सगळी पुस्तकं शेवटी वॉल्टरच्या दुकानात नेऊन तपासून घेत.

वॉल्टरचं पत्र वर्षातून दोनदा यायचं. आणखी एक गोष्ट तो करायचा: प्रत्येक निवडणुकीत तो गावच्या मतदान केंद्रावर बसायचा, नावं तपासायचा, रात्री मतं मोजायचा. चाळीस वर्षं. सरांना त्या कामाचा वॉल्टरइतकाच अभिमान होता.

तिकडे निवडणूक झाली की दर चार वर्षांनी सर दादरच्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये व्याख्यान द्यायचे. विषय ठरलेला, 'अमेरिकेतील परंपरावादाचं भवितव्य'. आम्ही विद्यार्थी असताना हॉल भरायचा, भिंतीला टेकून उभं राहावं लागायचं. पुढच्या रांगेतल्या निवृत्त मंडळींची मुलं तिकडे जायला लागली होती, तो काळ. सर नकाशा टांगायचे आणि सांगायचे की हा देश बदलणार आहे. गोरे कमी होतील, शहरं वाढतील, चर्चमधली बाकं रिकामी पडतील, मेक्सिकोतून, आशियातून लोक येतील. अशा देशात जपणुकीचं राजकारण करणाऱ्यांपुढे दोन वाटा आहेत. एक, दार उघडायचं आणि आलेल्यांना म्हणायचं की घर तुमचंही आहे, सांभाळा. दुसरी, दार लावून घ्यायचं आणि मानाने लहान होत जायचं. "ते पहिली वाट घेतील," सर म्हणायचे. "कारण नव्याने आलेलाच जास्त जपतो. पहाटे उठून कामाला जाणारा, रविवारी प्रार्थनेला जाणारा, आईबापांना पैसे पाठवणारा. याहून मोठा परंपरावादी कुठे मिळणार?"

एकदा मागून कोणी तरी विचारलं, "सर, तुम्ही अमेरिकेबद्दल बोलताय की इथल्याबद्दल?"

"मी अमेरिकेबद्दलच बोलतोय," सर म्हणाले. "तुम्हाला काय ऐकू येतं त्याला माझा इलाज नाही."

मला त्यांचं म्हणणं कधीच पूर्ण पटलं नाही. घर तुमचंही आहे असं म्हणणारा घरमालकच असतो, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं. ते मान हलवत, लिहून घेत.

एका सहा डिसेंबरला ते मला म्हणाले, "मला तुमच्याबरोबर शिवाजी पार्कला यायचंय." आयुष्य दादरला शिकवण्यात गेलं, पण त्या दिवशी ते कधी तिकडे फिरकले नव्हते, त्या दिवशी कॉलेजला सुट्टी आणि फणसवाडी बरी, असा त्यांच्या भागातल्या पुष्कळांचा रिवाज. आम्ही चालत गेलो. पुस्तकांच्या स्टॉलांपाशी गर्दी होती. एक म्हातारी, अमरावतीकडची असावी, संविधानाची मराठी प्रत हातात घेऊन उलटीसुलटी बघत होती. तिला वाचता येत नव्हतं ते दिसतच होतं. सरांनी विचारलं, "कोणासाठी घेताय आजी?"

"नातीले," ती म्हणाली. "ते अजून लहान हाये. पण घरात असू दे."

तिने पुस्तक कपाळाला लावलं, पदरात गुंडाळलं आणि पदर कमरेला खोचला. सर ती गर्दीत दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. परत येताना पोर्तुगीज चर्चपर्यंत माझ्यापुढे दोन पावलं चालत राहिले. मग म्हणाले, "गमरे, या देशातले खरे परंपरावादी तुम्ही लोक आहात. एक लिहिलेली गोष्ट तुम्ही जिवापाड जपता. आम्ही काय जपलं? जातीतली लग्नं."

त्यांनी हे बोलायला पंचवीस वर्षं घेतली होती, त्यावर टाळी देणं मला जमलं नसतं. तेही ओशाळल्यासारखे झाले होते आणि चष्मा पुसत उभे राहिले.

त्यानंतर तिकडची ती निवडणूक झाली, जिच्यानंतर हरलेल्याने हरलो म्हणायला नकार दिला. निकाल मान्य नाही म्हणून जमाव तिथल्या संसदेच्या इमारतीत शिरला, तो आपण सगळ्यांनीच टीव्हीवर पाहिला. सरांनी पाहिला आणि टीव्ही बंद न करता फक्त आवाज बंद केला. काकू गेल्यानंतरचं दुसरं वर्ष होतं. मी गेलो तेव्हा पडद्यावर माणसं काचा फोडत होती आणि घरात अगदी शांत होतं. "फाइलीत लावायला काही नाही या वेळी," एवढंच ते बोलले.

दोन-तीन महिन्यांनी वॉल्टरच्या मुलीचं पत्र आलं. सरांनी ते मला वाचायला दिलं, स्वतः खिडकीशी जाऊन उभे राहिले. वॉल्टर वारला होता. नव्वदीला आला होता, वय झालंच होतं, पण मुलीने शेवटचे महिने कसे गेले तेही लिहिलं होतं. त्या निवडणुकीलाही तो केंद्रावर बसला होता. मोजणी बरोबर आहे, आपला माणूस हरला आहे, असं त्याने गावच्या सभेत उभं राहून सांगितलं. त्याच्याच पक्षाच्या लोकांनी त्याला खाली बसवलं. खोटारडा म्हणाले. ज्यांना त्याने खिळे उधार दिले होते त्यांची मुलं होती ती. नंतर तो सभेला गेला नाही. चर्चलाही जाणं सोडलं, कारण माणसं तीच. दुकान कधीच बंद झालं होतं. त्या हिवाळ्यात त्याच्या दारापुढचा बर्फ त्या दुसऱ्या पक्षाच्या शेजाऱ्याच्या मुलाने काढला, असं मुलीने मुद्दाम लिहिलं होतं.

त्याच आठवड्यात सरांच्या मुलाचा, समीरचा फोन आला. समीर टेक्ससमध्ये, पंचवीस वर्षं तिकडे, नागरिकत्व घेतलेला, चांगल्या नोकरीत. तो हत्तीवाला झाला होता. आधी सरांना त्याचं बरं वाटलं होतं. आपलं काही तरी मुलात उतरलं म्हणून. मग त्याच्या बोलण्यात नवं काही यायला लागलं. आम्ही कागद भरून, रांगेत उभं राहून आलो, हे लोक नदी ओलांडून येतात. आमच्या टॅक्सवर राहतात. सर म्हणायचे, "अरे, ते तुझ्यासारखेच आहेत." समीर म्हणायचा, "नाही बाबा. तुम्हाला तिथे बसून कळणार नाही."

त्या दिवशी मी समोर होतो. सरांना ऐकू कमी येई, म्हणून फोन स्पीकरवर. त्यांनी वॉल्टरचं सांगितलं.

"वाईट झालं," समीर म्हणाला. "पण बाबा, काही तरी घोळ झालाच असणार. एवढे लोक उगाच चिडत नाहीत."

"त्या गावची मतं वॉल्टरने मोजलीत."

"तुमचा वॉल्टर म्हणजे सगळी अमेरिका नाही."

"नाही," सर म्हणाले. "तो आपल्या टेबलावरची मतं मोजत होता. तेवढीच." आणि त्यांनी फोन ठेवला. त्यांनी कोणाचा फोन मधेच ठेवलेला मी पहिल्यांदा पाहत होतो. बोट दोनदा चुकीच्या जागी लागलं.

त्यानंतर दोघांत बोलणं जवळपास थांबलं. वाढदिवसाला, गणपतीला मेसेज. सुनेचा फोन यायचा, नात तन्वी दोन वाक्यं मराठीत बोलायची. समीर मागे कुठे तरी असायचा.

शेवटचं व्याख्यान चार वर्षांनी झालं. सर एक्क्याऐंशीचे. वाचनालयाने हॉल दिला पण खाली फळ्यावर नाव लिहायला विसरले. आम्ही नऊ जण होतो, त्यांत एक पंखा आहे म्हणून येऊन बसलेले. नकाशा टांगायचा खिळा निघालेला, म्हणून मी तो हातात धरून उभा राहिलो. हत्तीचा पक्ष पुन्हा जिंकला होता, आणि सर सांगत असलेले ते नव्याने आलेले लोकही बऱ्यापैकी संख्येने त्याच्याकडे गेले होते.

"मी इथे चाळीस वर्षं दोन वाटा सांगितल्या," सर म्हणाले. "पक्षाने तिसरी काढली. ती मला सुचली नव्हती. त्यांनी दार उघडलं नाही आणि लहानही झाले नाहीत. त्यांनी जपायचं सोडून दिलं. मर्यादा, दिलेला शब्द, हरल्यावर घरी जाणं, हे जपण्यासाठी पक्ष होता. ते टाकून दिल्यावर अंग हलकं झालं आणि पळता आलं. लोकही आले. आत आलेल्याला आपल्या मागचं दार लावावंसं वाटतं, हे मला माझ्या घरात दिसत होतं, पण मी ते व्याख्यानात घेतलं नाही."

ते पाणी प्यायले. "भवितव्य विचाराल तर पक्षाला आहे. विचाराला आहे की नाही, मला माहीत नाही. कदाचित ज्यांना तो कधी आपला वाटला नाही, तेच तो सांभाळतील. माझं चुकलं. एवढंच बोलायचं होतं."

बावीस मिनिटांत संपलं. कोणी प्रश्न विचारला नाही. पंख्याखालचे गृहस्थ उठून म्हणाले, "छान बोललात," आणि गेले. टॅक्सीत सरांनी डोळे मिटून घेतले होते. मला वाटलं झोपले. ऑपेरा हाउसपाशी म्हणाले, "गमरे, त्या बुधवारचं उत्तर राहिलंच."

"राहू दे सर."

"राहू देतो. दमलो."

त्यानंतरच्या पावसाळ्यातल्या एका रविवारची सकाळ. मी दहाच्या सुमारास गेलो. सर आरामखुर्चीत होते, खूप वाळले होते. फोन वाजला. समीर. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी उठायला लागलो तर हातानेच बस म्हणाले.

"बाबा," समीर म्हणाला.

"बोल रे."

"आज दुपारी दुकानाच्या पार्किंगमध्ये होतो. तन्वी बरोबर होती. इमिग्रेशनचे दोघं आले, तोंडावर कापड बांधलेले. कागद दाखवा म्हणाले. मी म्हटलं, मी नागरिक आहे. ते म्हणाले, सगळे तसंच म्हणतात. गाडीला टेकवून उभं केलं. हात वर."

सर पुढे झुकले. "लागलं का?"

"नाही. लायसन्स बघितलं, कुठे फोन केला, वीस मिनिटांनी सोडलं. सॉरी पण नाही म्हणाले." त्याचा आवाज सपाट होता, पाठ केलेलं सांगावं तसा. "तन्वी सगळं बघत होती. घरी येईपर्यंत बोलली नाही. मग मला विचारलं, बाबा, तू यांनाच मत दिलं होतंस ना."

सरांनी फोन जवळ ओढला.

"आता तुम्ही म्हणाल—"

"मी काही म्हणत नाही," सर म्हणाले. आयुष्यभर वाद घातलेला माणूस, आणि इतका बरोबर ठरल्याचा क्षण त्यांच्या वाट्याला दुसरा आला नव्हता. "जेवलास का?"

"नाही."

"तन्वी?"

"तीपण नाही. खोलीत आहे."

"मग भात लाव. डाळ असेल तर डाळ. तिला हाक मार आणि दोघं एका टेबलावर बसा. तिने काही विचारलं तर उत्तर दे. उत्तर नसलं तर नाही म्हणून सांग. ते चालतं मुलांना."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "बाबा, मी डिसेंबरात येतो."

"ये. आधी जेव."

फोन ठेवल्यावर सर गुडघ्यांवर हात ठेवून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. दुःख होतं, मुलगा परत बोलायला लागल्याचं सुखही असावं, पण या सगळ्याच्या वर थकवा होता, फार लांबून चालत आल्यासारखा. मी उगाच टेबलावरचा पेपर उचलला. सवयीने परदेशाचं पान काढलं.

"ते नको," सर म्हणाले. "इथलं वाचा. पाणी कधी बंद आहे बघा. शेजारी म्हणत होते काही तरी."

मी वाचायला लागलो. कुठल्या भागात जलवाहिनीचं काम, कोणत्या दिवशी कमी दाबाने पुरवठा, नागरिकांनी पाणी उकळून प्यावं. खाली वाडीत कोणी तरी पिंप भरून घेत होतं, त्याचा आवाज येत होता. दुसऱ्या बातमीच्या मध्यावर वर पाहिलं तर सरांची मान एका बाजूला कलली होती आणि तोंड जरासं उघडं होतं. श्वास नीट चालू होता. चष्मा नाकावरून घसरला होता, तो काढून मी टेबलावर ठेवला आणि मिनिटभर तिथेच थांबलो. मग राहिलेली बातमी मनातल्या मनात पूर्ण वाचली आणि दार ओढून घेऊन जिना उतरलो.

समीर आला तो डिसेंबरच्या आधीच, ऑक्टोबरात, आणि त्याला न्यायला विमानतळावर मी गेलो. सर तोवर गेले होते.